कोपऱ्यातला छोटा नकाशा

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला स्वतंत्र संशोधन असतं आणि विषय आपला आपण शोधायचा असतो. बाकीच्यांनी ग्रंथालयं, स्टेशनं असले बिनधोक विषय घेतले. मला शहाणपण फार, म्हणून मी घेतलं 'सरकारी वसाहतीतल्या रहिवाशांनी घरांत केलेले बदल'. चाळीसपैकी बहुतेक घरांनी मला दारातूनच वाटेला लावलं. साहजिक होतं, कुणीच परवानगी काढलेली नव्हती.

एका मावशींनी मात्र आत घेतलं. त्या कपडे शिवायच्या. दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी त्यांनी काचा लावून बंद केली होती, मधली अर्धी भिंत काढली होती आणि तिथे उत्तरेच्या उजेडात मशीन मांडलं होतं. त्यांचं घर त्या उजेडावर चालायचं. "काळ्यावर काळा दोरा इथेच दिसतो मला," त्या म्हणाल्या. "आत दिवा लावूनही दिसत नाही." मग जरा थांबून विचारलं, "यातून आम्हाला काही त्रास नाही ना गं?"

"नाव, घर नंबर, काही येणार नाही. शब्द देते."

तीन रविवार मी मापं घेतली. टेपचं दुसरं टोक मावशीच धरायच्या आणि माझ्या आकड्यांना नाकं मुरडायच्या. "शिंपीण असतीस तर उपाशी मेली असतीस. परत मोज." मशीन, तिपाई, खिडकीतला बटणांचा डबा, सगळं मी नकाशात जिथल्या तिथे काढलं. नाव आणि नंबर खरंच कुठे लिहिला नाही.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "की-प्लॅन कुठाय? हे घर वसाहतीत नेमकं कुठे, ते कळायला नको?" शीटच्या कोपऱ्यात पूर्ण जागेचा छोटा नकाशा हवाच, नाहीतर गुण जातात, हे पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात भरवलेलं. दहा मिनिटांत तो काढला आणि मावशींचं घर लाल रंगवलं. तेव्हा मनात काही आलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. आलं होतं. एवढं कोण बघतंय, म्हणून मी ते झटकून टाकलं.

पहिला क्रमांक आला. शीट प्रदर्शनात लागली. गृहनिर्माण कार्यालयातले एक साहेब मोबाइलवर तिचे फोटो काढत होते, तर त्यांना मीच उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. भिंत किती काढली, तेसुद्धा.

महिन्याभराने मावशींचा फोन आला. "नोटीस आलीय. पंधरा दिवसांत गॅलरी मोकळी करा, भिंत परत बांधा. तू शिकलेली आहेस, जरा येऊन बघ."

नोटिशीला जोडलेला कागद मी त्यांच्या हातातच ओळखला. माझीच शीट, माझं नाव असलेली पट्टी तेवढी कापलेली.

"ही कुणाची करणी ते माहितीय मला," मावशी म्हणाल्या. "खालच्या काकूंची. मशीनच्या आवाजाची कुरकुर होतीच त्यांची. बावीस वर्षांचा शेजार, मुलं एका ताटात जेवलीत. काल जिन्यात सगळ्यांसमोर सुनावलं मी. म्हटलं, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नका. नुसत्या रडत होत्या, तोंडातून शब्द नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय."

मावशींना नकाशा वाचता येत नव्हता. मुदत वाढवून मागणारा अर्ज लिहून द्यायचा, वर उपकार केल्यासारखं निघून जायचं, कुणाला काही कळलं नसतं. खरं सांगते, अर्जाच्या दोन ओळी मी लिहिल्याही.

"बाही उसवलीय तुझी," मावशी म्हणाल्या आणि सुई घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. "तू लिही. मी टाका घालते."

मला पुढे लिहिता येईना. मी नोटिशीच्या कागदावर बोट ठेवलं. "मावशी, हा तुमचा बटणांचा डबा. काकूंना हे असं काढता येईल का? हे मी काढलंय. हे लाल घरही मीच रंगवलं."

सुई थांबली.

"शब्द दिला होतास."

"हो."

"चुकून झालं?"

"नाही. आठवलं होतं मला. तरी काढलं. गुणांसाठी."

त्यांनी राहिलेला टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला. "खोली गेली तर आत बसेन, डोळे फोडून घेईन. पण त्या बाईला मी काय काय बोलले गं." त्यांनी सुई रिळात खोचली. "खाली जा. त्यांना सांग."

"तुम्ही येता बरोबर?"

"मी कोणत्या तोंडाने येऊ? आधी तू जा."

जिना उतरले. वीस पायऱ्या, प्रत्येकी सतरा सेंटिमीटर. मीच मोजल्या होत्या. दार काकूंनी उघडलं. डोळे सुजलेले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वर बघत हळूच विचारलं, "त्यांच्या खोलीचं काय होईल गं? वाचेल ना?"