लेव्हॉन टकेट माझ्यावर उभे राहायचे

मित्रांनो, मी लोखंडाचा एक जुना ढकलगाडा आहे. नावात गाडा असला तरी मला चाकं नाहीत. खाली गवतावरून घसरणाऱ्या दोन पट्ट्या, पुढे छातीच्या उंचीला दोन जाड गाद्या आणि मागे एका माणसाला उभं राहता येईल एवढी फळी. खेळाडूंनी गाद्यांना खांदा भिडवायचा आणि मला रेटत न्यायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं. जॉर्जियाच्या दक्षिणेला एका लहानशा कॉलेजच्या मैदानावर माझं सगळं आयुष्य गेलं.

आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं पाडायचं. बचावाच्या पुढच्या फळीत चार धिप्पाड गडी असतात. चेंडू हलला की समोरच्याला रेटून आत घुसायचं, हे त्यांचं काम. ते माझ्याकडे यायचे, घाम गाळायचे आणि निघून जायचे. सात वर्षं अशीच गेली. आठव्या उन्हाळ्यात या फळीला शिकवायला लेव्हॉन टकेट आले.

टकेट सर अकरा वर्षं पैसे घेऊन मोठ्या संघांतून खेळलेले. पंजा माझ्या गादीएवढा, दोन्ही गुडघे कापून शिवलेले, डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. पहिल्याच दिवशी ते माझ्या फळीवर चढले. हातात कागदाच्या पिशवीत उकडलेल्या शेंगा. पोरं मला ढकलत होती आणि सर टरफलं त्यांच्या डोक्यावर टाकत म्हणत होते, “माझी आजी चर्चमधून येताना याहून जोरात चालायची. आणि ती काठी घेऊन चालायची.”

पोरं हसली. त्यानंतर मात्र फारसं कुणी हसलं नाही.

त्यांची शिकवण एकाच वाक्याची होती. समोरच्याचं काय दुखतंय ते आधी बघा आणि तिथेच धडका. पोरांवरही ते हेच करायचे. कुणाचा बाप तुरुंगात आहे, कुणाला वाचताना अडखळायला होतं, हे त्यांना आठवड्यात कळायचं, आणि मग सगळ्यांसमोर ते बाहेर यायचं. सरावात जो हरेल त्याने सरांना माझ्यावर उभं करून एकट्याने चाळीस यार्ड न्यायचं आणि परत आणायचं. सर माझ्यापेक्षा थोडेच हलके. पाणी मिळायचं ते सरांनी ‘पी’ म्हटल्यावर. मुख्य प्रशिक्षक मर्सर कुंपणापलीकडून हे बघायचे आणि पाठ फिरवायचे, कारण संघ जिंकत होता. वर्तमानपत्रवाले आले की माझाही फोटो निघायचा. तेव्हा मला लाल रंग होता. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटायचा.

सर विसरतात हे आधी मला कळलं. डोक्याला बसलेल्या अकरा वर्षांच्या धडकांनी आता डोकं वर काढलं होतं. सकाळी ते सगळ्यांच्या आधी यायचे आणि फळीवर उभं राहून धरायच्या माझ्या मागच्या दांड्याला आतल्या बाजूने पांढरी चिकटपट्टी लावायचे. तिच्यावर पोरांची नावं आणि आजचा क्रम लिहिलेला असायचा. एकेक काम झालं की सर वाकल्यासारखं करून पेन्सिलीने खूण करायचे. फळीवर उभ्या माणसालाच ती पट्टी दिसे. पोरांना वाटायचं, सर माझे नटबोल्ट बघतायत.

एकाला मात्र ते माहीत होतं. एमरी स्पाइव्ही नाव त्याचं. कांदे निवडायच्या कारखान्यात राबणाऱ्या बाईचा मुलगा, मितभाषी, फळीतला सगळ्यात चांगला. म्हणून सरांचा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर. एकदा पट्टी सुटून गवतात पडली, तेव्हा एमरीने ती उचलून, पुसून, जागेवर चिकटवली आणि कुणाजवळ बोलला नाही.

दुसऱ्याला ते पुढच्या वर्षी कळलं. त्याचं नाव डॅरो केन. एमरीच्या जागेवर डॅरोचा डोळा होता, आणि सरांची शिकवण त्याच्या अंगी पक्की बाणली होती. सरांचं दुखतं कुठे ते त्याला सापडलं. मग गंमत सुरू झाली. पोरं एकमेकांच्या नंबरांचे सदरे घालून यायची आणि सर एकाला दुसऱ्याच्या नावाने शिव्या घालायचे. तीच गोष्ट त्यांच्याकडून दोनदा सांगून घ्यायची आणि मागे वळून खिदळायचं. सरांना शंका यायची. ते एकेकाचं तोंड बघायचे, आणि मग कालच्यापेक्षा जास्त छळायचे.

ऑगस्टमधली ती सकाळ होती. दहालाच माझं लोखंड हात लावू देत नव्हतं. सरांनी नेहमीसारखी पट्टी लावली होती. सरावात एमरीचा पाय घसरला आणि तो डॅरोकडून हरला. नियमाप्रमाणे त्याने सरांना माझ्यावर घेतलं, दोन गाद्यांच्या मधल्या दांड्याला खांदा दिला आणि चाळीस यार्ड जाऊन परत आला. येताना तो दोनदा ओकला. सर खाली उतरले. ते ‘पी’ म्हणणार एवढ्यात मर्सरनी त्यांना कुंपणाशी बोलावलं. त्यांची पाठ वळताच डॅरोने पट्टी काढली, चुरगळली आणि मोज्यात खुपसली. पाचेक मिनिटं गेली. पाण्याची बादली समोर होती, पण परवानगीवाचून कुणी हात लावत नसे.

सर परत आले आणि त्यांनी मागच्या दांड्याच्या आतल्या बाजूला बघितलं. तिथे काही नव्हतं. त्यांचा हात दांड्यावरून पुढे मागे फिरला.

“आज हरलं कोण?” त्यांनी विचारलं.

“मी, सर,” एमरी म्हणाला. “पण मी आत्ताच जाऊन आलो.”

सरांनी बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता. “गेला होता का हा?”

अकरा पोरं होती. डॅरो म्हणाला, “नाही, सर. तुमचीच वाट बघत बसलाय.”

बाकीचे दहाजण बुटांकडे बघत राहिले. दोघांना हसू आवरत नव्हतं.

“खोटं बोलतोस होय रे, कांदेवाल्या?” सर म्हणाले आणि फळीवर चढले. “चल.”

एमरीने एकदा सरांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, ते खरंच विसरलेत हे त्याला समजलं. सगळ्यांसमोर ते उघडं पाडणं त्याच्याने झालं नाही. त्याने खांदा लावला. एकतिसाव्या यार्डावर त्याचा घाम थांबला. कातडी कोरडी पडून तापली आणि तो कुणाशी तरी लहान मुलासारखं बरळू लागला. मग तो माझ्या खालच्या लोखंडी पट्टीवर तोंडघशी पडला. सर वरून ओरडले, “ऊठ.” दुसऱ्यांदा ओरडले. तिसऱ्यांदा ते उतरले आणि त्याला कुशीत घेऊन पाण्याच्या बादलीकडे धावले, त्या शिवलेल्या गुडघ्यांनी.

एमरी वाचला, पण त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन दिवस रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडून पडायचं, असं आयुष्य त्याच्या वाट्याला आलं.

पुढच्या आठवड्यात कॉलेजने नेमलेली एक बाई चौकशीला आली. मर्सरनी तिला मैदानावर आणलं. पोरांनी आधीच सांगितलं होतं की एमरी एकदा जाऊन आला होता आणि तरी सरांनी पुन्हा पाठवलं. शब्द न् शब्द खरा. सरांनी काय विचारलं आणि त्यांना काय उत्तर मिळालं, तेवढं मात्र कुणी सांगितलं नाही. तिने सरांना विचारलं, “तो जाऊन आलाय हे तुम्हाला ठाऊक होतं?”

सरांनी माझ्या गादीवर हात ठेवला. विसरलो म्हणाले असते तर कदाचित सुटले असते. मर्सर जमिनीकडे बघत होते. सर विसरतात हे त्यांनाही दोन वर्षं ठाऊक होतं.

“ठाऊक होतं,” सर म्हणाले. “मी तसाच आहे. कुणालाही विचारा.”

मित्रांनो, डोक्याने पोकळ झालेला म्हणवून घेण्यापेक्षा दुष्ट म्हणवून घेणं त्यांना सोपं गेलं. आणि हळूहळू त्यांनाही तेच खरं वाटू लागलं.

त्यांना त्याच दिवशी काढलं. मलाही कुंपणामागच्या काटेरी झुडपांत टाकलं. डॅरो पुढे दोन वर्षं मोठ्या संघात खेळला, खांदा निखळल्यावर इथेच परतला, आणि आता त्याच फळीला शिकवतो.

एका वसंतात एमरी काठी टेकत आला. अंगाने निम्मा झालेला. डॅरोशी तो माझ्याजवळच बोलला. “टकेट सर आता बहिणीच्या घरी असतात, आपण मुद्दाम पोराला मारायला निघालो होतो असं रोज म्हणतात आणि रडतात. मी सांगून पाहिलं, पण मी दया करतोय असं त्यांना वाटतं. तू सांग,” एमरी म्हणाला. “तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल. अजून समजतं त्यांना.”

“पुढच्या रविवारी जातो,” डॅरो म्हणाला.

सात महिने रविवार येत गेले. मग एमरी पुन्हा आला. “गुरुवारी पुरलं त्यांना,” तो म्हणाला. “शेवटी माझं नाव घेऊन माफी मागत होते. मी समोर होतो, पण मला ओळखत नव्हते.”

“मी जाणारच होतो रे,” डॅरो म्हणाला.

एमरी काठी टेकत निघून गेला. डॅरो शिट्टी वाजवून सरावाला गेला.

उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. जुन्या वस्तू जपा, तेल द्या, पावसात टाकू नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं, आणि ते खरंही आहे. पण माझं मागणं वेगळं आहे. एखादा थकलेला माणूस, मग तो कितीही वाईट असो, तुमच्याकडे बघून ‘असं झालं होतं का?’ म्हणून विचारील, तेव्हा त्याला खरं सांगा. लगेच सांगा. मी तिथेच होतो, मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. त्या अकराजणांना होतं.