उद्या खायचं वांगं

वांग्यात साखर पडताना पाहिली आणि सुभद्राबाई पुढे सरकल्या. सून पंचफुला स्टोव्हपाशी बसली होती. तळलेल्या वांग्यात कांदा, टमाटे नि खारवलेली करवंदं घालून झाली होती. आता तिने बाटलीतला सिरका ओतला, तशी खोली आंबट वासाने भरून गेली.

"हे कोणासाठी बनवून राहिली वं?"

"आज नाही खात हे, आत्याबाई. मुरू द्या लागते. उद्या थंडच खातात."

झालं! ताजं झाकून उद्यासाठी ठेवणारी बाई सुभद्राबाईंनी पाहिली नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव त्यांनी नदीत सोडले, संशय मात्र घरीच ठेवला. मुलगा वारल्यापासून तो फारच वाढला होता. पंचफुला मिशनच्या दवाखान्यात आया, तिच्याच पगारावर घर चाले. तिने दुसरं घर मांडायचं ठरवलं तर आधी म्हातारीची अडगळ काढील, ही धास्ती त्यांना सुखाने जेवू देत नव्हती. आंबट वास म्हणजे दारू, नि दारू म्हणजे पुरुष, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

सकाळी पंचफुला डबा घेऊन निघाली, तशा त्याही पदर ओढून मागे निघाल्या. सीताबर्डीपर्यंतच गुडघे बोलू लागले, पण आज चोर पकडायचाच होता.

डबा उघडला तो बायकांच्या वॉर्डात. खाटेवर एक वाळलेली गोरी म्हातारी होती, तरुणपणी इटलीहून आलेली, दवाखान्याचं स्वयंपाकघर सांभाळणारी सिस्टर. तिनेच हे वांगं कधीतरी पंचफुलाला शिकवलं होतं. आता तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. पंचफुलाने चमचा पुढे केला. सिस्टर डोळे मिटून चघळत राहिली.

"नमक कम," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.

दाराआडून पाहणाऱ्या सुभद्राबाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटला तो राग. परक्या म्हातारीचे एवढे लाड, मग घरच्या म्हातारीने काय पाप केलं?

संध्याकाळी त्यांनी विचारलंच, "मले काहून नाही वाढलं वं ते?"

पंचफुला डबा घासत होती. तिने मान वर केली नाही.

"माह्या हातचा पहिला घास तुम्ही मांजरीले टाकता, आत्याबाई. तिले काही झालं नाही, का मग जेवता. रोज पाहतो मी. म्हून नाही वाढलं."

 आपलं हे कोणाला दिसत नाही, असंच सुभद्राबाई आजवर समजत होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पातेल्याच्या तळाशी थोडं वांगं उरलं होतं. मांजर येऊन अंगाला अंग घासू लागली. सुभद्राबाईंनी तिला बाजूला सारलं आणि पातेलं पुढ्यात ओढलं. गोड काय, आंबट काय, त्यांना ते मुळीच आवडलं नाही. पण सुनेच्या देखत त्यांनी ते बोटाने निपटून सगळं खाल्लं.