घरातलंच कोणीतरी

"आजोबा, घरातलंच कोणीतरी असणार," हवालदारीण फोनवर म्हणाली. "तुमच्या कॉम्प्युटरवर दुसरं कोण येणार?"

दवाखान्याच्या वेबसाइटवर म्हातारा आपला रक्ताचा रिपोर्ट बघायला गेला होता, तर स्वतःच्या जागी भलत्याच पुरुषाचं नाव दिसलं.

"घरात मी आणि सून, दोघंच," तो हळूच म्हणाला. "मुलगा गेला माझा."

"मग सुनेला विचारा. तिच्या ओळखीचं कोणी येऊन लॉगिन करून गेलं असेल."

तिने फोन ठेवला आणि तक्रार बंद केली. ती दवाखान्याच्या मदत-कक्षात फोन घ्यायची, आणि 'हवालदारीण' हे नाव तिथे तिला उगाच पडलं नव्हतं. लोक पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवतात आणि बोंब वेबसाइटच्या नावाने मारतात, हे तिने इतक्या वर्षांत पुरतं ओळखलं होतं. भलतंच नाव दिसल्याच्या तक्रारी त्या आठवड्यात बऱ्याच आल्या. सगळ्यांना तिने हेच उत्तर दिलं. आजवर ते खरंच ठरत आलं होतं.

दोन-तीन दिवसांनी म्हाताऱ्याचा पुन्हा फोन आला.

"विचारलं सुनेला. हा माणूस कोण म्हटलं. ती म्हणाली, कोण माणूस? मी म्हटलं, दवाखान्यातल्या बाई सांगतायत, तो आपल्या घरी येऊन गेलाय."

"मग?"

"बॅग भरली आणि गेली." तो जरा थांबला. "बाई, तुमचं मशीन खोटं नाही ना बोलत?"

"मशीन कशाला खोटं बोलेल?" ती फणकाऱ्याने म्हणाली खरी, पण दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने स्वतःची डोळ्यांच्या तपासणीची वेळ बघायला तीच वेबसाइट उघडली. वर नाव आलं, तेही परक्या पुरुषाचं. तिने आधी दाराच्या कडीकडे पाहिलं. कडी लावलेली होती. मग उठून न्हाणीघरातही डोकावली. स्वतःचंच हसू आलं तिला, तरी कडी तिने पुन्हा एकदा ओढून पाहिली. या घरात ती एकटी राहत होती.

सकाळी ती थेट प्रोग्रामरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"घरातलं कोणीतरी असेल," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"घरात मी एकटीच असते."

मग मात्र त्याने शोधायला घेतलं. वेबसाइट झटपट उघडावी म्हणून एकदा तयार झालेलं पान साठवून पुढच्या माणसालाही तेच द्यायची सोय त्यांनी नुकतीच केली होती. लॉगिननंतरचं पानही त्यात गेलं होतं, आणि त्याबरोबर पहिल्याची ओळखही. एकाचं टोकन दुसऱ्याच्या हातात पडावं तसं. जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्ती झाली. 'तांत्रिक अडचण दूर झाली आहे,' एवढाच निरोप सगळ्यांना गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि फाशी सुनावली होती हिने.

तिने म्हाताऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. माफीही मागितली.

"मला नका सांगू, तिला सांगा," तो म्हणाला. "माझा फोन ती उचलत नाही."

त्याच्याकडून नंबर घेऊन तिने सुनेला फोन लावला. सुनेने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव चुकून आलं, पटलं मला," ती म्हणाली. "पण मामंजींनी विचारलं, ते काही चुकून नव्हतं."

संशयाचं बीज आपणच पेरलं, हे सांगायची हवालदारणीला फार लाज वाटली. तरी तिने सांगितलं.

"तुम्ही परक्या, ते घरचे," सून म्हणाली. "त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या फ्रिजवरच्या निळ्या डब्यात आहेत. सकाळी अर्धीच घ्यायची. तेवढं सांगा त्यांना."

हवालदारणीने परत म्हाताऱ्याचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"काय म्हणाली?"

"गोळ्या फ्रिजवरच्या निळ्या डब्यात आहेत. सकाळी अर्धीच घ्यायची."

"आणि?"

"एवढंच."

"थांबा हं, बघतो," तो म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग सपाता घासत लांब गेल्याचा. बाजूचे फोन वाजत होते. तिने रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे डबा उघडला, आणि मग म्हातारा मोठ्याने एकेक गोळी मोजायला लागला.