पाऊण तास आधीची घंटा

नववीतल्या मीनानं शाळा सुटायची घंटा पाऊण तास आधी वाजवली आणि सगळी शाळा घरी गेली. सगळ्यात पुढं मोटारसायकलवर सोमेश्वर सरच होते, त्यामुळं सगळ्यात जास्त तेच चिडले होते.

"दाखला द्या हिच्या हातात," ते दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना म्हणाले.

मीनाची आई दैवशाला ऑफिसच्या दाराशी उभी होती. दाखला घरी आला की पोरीला बघायला पाहुणे येणार, हे तिला ठाऊक होतं. दिरानं तीर्थपुरीचं स्थळ कधीचं हेरून ठेवलेलं होतं.

"सर, पाया पडते. हाणा तिला, पण शाळेतून काढू नका."

"हाणायला बंदी आहे, बाई. काढायचं तेवढं हातात उरलंय."

हेडमास्तरांनी पेन उघडलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून क्लार्क बद्रीनाथ म्हणाला, "साहेब, पट आधीच काठावर हाय. एक पोरगी गेली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरून शाळेबाहेर जातो."

"कोण?" सरांनी विचारलं.

"सगळ्यात मागून लागलेला. म्हंजे तुम्हीच."

हेडमास्तरांनी पेनाला टोपण लावलं. सरांनी एकदा मीनाकडं बघितलं.

"लेकरूच आहे," ते दैवशालाला म्हणाले. "रोज पाठवा तिला. एक दिवसाचाही खाडा नको."