वडिलांच्या हाताला आलेला गुण

मुलीच्या उपचारांना तीन महिने झाले, तेव्हा वडिलांची बोटं कमालीची सुधारली होती.

मुलगी सहा वर्षांची. तिला शाळेच्या कोटाची बटणं लावता येत नव्हती, डब्याचं झाकण उघडत नव्हतं, चार ओळी लिहिल्या की हात दुखायचा. मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की सत्र सुरू व्हायच्या आत स्वतःचा कोट स्वतः घालून दाखवला तर पहिली, नाहीतर आणखी एक वर्ष बालवर्ग. म्हणून ऑक्युपेशनल थेरपी. सहा वर्षांच्या पोरीला कसलं आलंय ऑक्युपेशन, असं वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. खेळणं, जेवणं, कपडे घालणं हेच मुलांचं काम आणि त्याचाच सराव द्यायचा, असं थेरपिस्टबाई म्हणाल्या. वडील कचेरीत अकरा जणांचं काम तपासत. काम म्हटल्यावर त्यांना विषय समजला.

घरच्या सरावाचा तक्ता मिळाला. मातीच्या गोळ्यातून मणी शोधणे, मणी ओवणे, दोरीला कपड्यांचे चिमटे लावणे, रोज सकाळी बटणं लावणे. शेवटच्या रकान्यात खूण. वडिलांनी आयुष्यात रकाना रिकामा ठेवला नव्हता. मुलगी जीभ बाहेर काढून दोरा मण्याच्या भोकाभोवती फिरवत बसायची आणि त्यांना ते बघवायचं नाही. "आण इकडे, दाखवतो," म्हणून जे बसायचे ते माळ संपवूनच उठायचे. चिमटे त्यांनी रंगवार लावले. बटणं आई लावायची, कारण सकाळी कोणाला वेळ आहे? मुलगी हात पसरून दुकानातल्या पुतळ्यासारखी उभी राहायची. तक्ता मात्र दृष्ट लागावी असा भरला होता.

थेरपिस्टबाईंनी तो वाचला, माळा पाहिल्या आणि मुलीच्या हाती कोट दिला. तिने तो आईकडे दिला आणि हात पसरले.

"मणी कोणी ओवले?"

"आम्ही मिळून," वडील म्हणाले.

"बाबांनी. बाबांना खूप छान येतं," मुलगी म्हणाली.

"यांचं अक्षरसुद्धा सुधारलंय हो," आई म्हणाली. "घट्ट बसलेली बरणी आता एका झटक्यात उघडतात. गुण आला म्हणायचा."

बाईंनी नवा तक्ता काढला, तो वडिलांसाठी. मुलीने आधी फक्त शेवटचं बटण लावायचं, वरची आईने. जमलं की शेवटची दोन, मग तीन. तेवढा वेळ वडिलांनी हात मांड्यांखाली दाबून बसायचं. हात किती वेळा बाहेर आले ते आईने लिहायचं. पहिल्या दिवशी तिने चौदा लिहिले. वडिलांच्या मते ते अकरा होते. बटण एक, त्यावर भांडण अर्धा तास. तेवढ्यात मुलीने ते लावूनही टाकलं, आणि कोणी पाहिलं नाही म्हणून रुसून बसली.

सत्राच्या आदल्या आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत परीक्षा झाली. बाईंनी पाच मिनिटं ठरवली होती. मुलीने बाह्या शोधण्यातच तीन घालवली. वडील खुर्चीत हातांवर बसून भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते. अकराव्या मिनिटाला सहावं बटण लागलं, तेव्हा वर एक बटण सुटं आणि खाली एक काज रिकामं उरलं.

"एक घर चुकलं बाळ," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

मुलीने खाली पाहिलं. "हो की. मग परत पहिल्यापासून लावते," म्हणून ती शांतपणे बटणं काढू लागली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. बाहेर बाकावर आणखी चार कुटुंबं ताटकळत होती. "राहू दे, राहू दे, येतंय तिला," म्हणत त्यांनी अर्जावर पहिली असं लिहून सही ठोकली आणि अर्ज वडिलांपुढे धरला. वडिलांनी तो घेतला नाही.

"तिचं व्हायचंय अजून," ते म्हणाले.