थांबायची खूण

फ्लास्कमधून चहा निघाला. साधा, दूधसाखरेचा चहा.

जमिनीपासून साठ मीटरवर, क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्याने झाकणातला घोट हुंगला, फ्लास्कला डोळा लावून तळ पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पहाटे त्याने स्वतःच्या हाताने यात हिरवट, कडूजहर काढा भरला होता. मग तो मोजे शोधायला आत गेला, तेवढ्यात बायकोने डाव साधला.

"दाजी, सळया बांधल्यात. घ्या वर," वॉकीटॉकीवर खालून मेहुणा बोलला.

काल रात्री साडेनऊला शेवटचा कप झाला होता. पहाटे घाईत घ्यायचा राहिला आणि सकाळपासून फ्लास्क उघडायला फुरसत मिळाली नव्हती. आता अकरा वाजत आले होते. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, उन्हात बसूनही अंगावर काटा येत होता. पाय तर दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे आपोआप हलत होते. बसवत नव्हतं, आणि केबिनमध्ये धड उभं राहण्याइतकी जागा नव्हती.

त्याने सळया उचलल्या. अर्ध्या वाटेत हाताला हिसका बसला आणि अख्खा भारा झोके घ्यायला लागला.

"काय हो दाजी?"

"वारा आहे वर."

"वारा? इथं माझ्या हातातला कागद हलेना."

"तू खाली आहेस ना? मग वरचं मला शिकवू नकोस!"

सहा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच मेहुण्याला हाताला धरून कामावर आणलं होतं, खुणा शिकवल्या होत्या. इतक्या वर्षांत असा कधी खेकसला नव्हता. त्याचं त्यालाच वाईट वाटलं, पण सॉरी म्हणायलाही धीर निघेना.

साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. विटा उशिरा पोचल्या की गवंडी हात जोडून म्हणायचे, "वरच्याची मर्जी!" बावीस वर्षं तो या असल्या केबिनांमध्ये बसत आला होता आणि त्याच्या हुकाने कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. याचा त्याला गर्व होता, आणि तो का नसावा?

दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पाय घसरला आणि कंबर गेली. डॉक्टरांनी अफूच्या जातीच्या जालीम गोळ्या दिल्या, त्याही दहाच दिवसांच्या. गोळी घेतली की कंबरच काय, जगातलं कुठलंच दुखणं उरायचं नाही. दहा दिवसांचे आठ महिने झाले. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायचं बंद केलं, तेव्हा एका दुकानदाराने त्याला हिरव्या भुकटीचं पाकीट दाखवलं. "क्रॅटम म्हणतात याला. झाडाचा पाला आहे हो, औषध थोडंच आहे? याची कसली सवय लागतेय!" आणि हा गडी आगीतून फुफाट्यात पडला. आधी अर्ध्या चमच्यात तरतरी यायची. पुढे तीन चमचे घेऊनही नुसती गुंगी. दर तीन-चार तासांनी कप हवा म्हणजे हवाच. भूक मेली, पोट साफ होईना, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. मुलगी परवा आईला म्हणाली, "बाबांशी बोलायचं तर आधी त्यांचा कप झालाय का बघावं लागतं." त्याने ते ऐकलं होतं, आणि ऐकून काय केलं, तर आणखी एक कप घेतला.

"दाजी, पाण्याची टाकी तयार आहे. मी दोर धरतोय."

टाकी लोखंडी होती, दोन टनांची. ती फिरू नये म्हणून मेहुण्याला दोर धरून जवळच थांबावं लागणार होतं. आता खाली उतरावं, सरळ सांगावं की आज हात चालत नाहीत, हे त्याला कळत होतं. पण काय म्हणून सांगणार? एकदा का बोललो, की ही खुर्ची गेली. एवढी एक टाकी चढवू, मग बघू, असं म्हणत त्याने दांडा ओढला.

टाकी दोन पुरुष उंच गेली असेल, तेवढ्यात फाटकातून एक बाई धावत आत आली. डोक्यावर हेल्मेट नाही, पायात घरातल्या चपला. वॉचमन तिच्यामागे पळत होता. मोकळ्या जागेत येऊन ती थांबली, वर पाहिलं आणि तिने दोन्ही हात आडवे पसरले.

क्रेनवाल्याने फक्त आपल्या खूणवाल्याचं ऐकायचं, मालक ओरडला तरी ढिम्म हलायचं नाही. पण थांबायची खूण कुणीही करावी, झाडूवालीनेसुद्धा, आणि ती पाळलीच पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने बायकोला स्वयंपाकघरात उभं करून हे सगळं शिकवलं होतं. "आणि भार जमिनीला टेकेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत, कळलं?" त्यानंतर भांडण वाढलं की ती हीच खूण करायची आणि दोघंही हसत सुटायचे. गेल्या दोन वर्षांत तिने ती केली नव्हती.

त्याने दांडा सोडला. टाकी जागच्या जागी थांबली.

"दाजी, ताई आलीय," मेहुणा घाबरून म्हणाला. "काय झालं?"

"दोर सोड. लांब जा. आणखी लांब."

मग उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरून त्याने टाकी बोटा-बोटाने खाली घेतली. घाम डोळ्यांत जात होता. टाकी टेकल्यावर त्याला रडू फुटलं. वर कुणी बघायला नव्हतं, तेवढं बरं.

एरवी दहा मिनिटांत तो शिडी उतरायचा. आज अर्धा तास लागला. खाली सुपरवायझर, मेहुणा आणि हात पसरूनच उभी असलेली बायको. हात भरून आले होते तिचे, पण तिने ते खाली घेतले नव्हते.

"मीच ओतला काढा," ती रडत म्हणाली. "वाटलं, मिळाला नाही की सुटेल. शेजारच्या नर्सबाईंना सांगितलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. असं एकदम तोडायचं नसतं म्हणे, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायचं. आणि आज तुम्ही वर, हा खाली... माझा तर जीवच गेला हो."

शेवटच्या पायरीवरूनच त्याने खिशातली क्रेनची किल्ली काढून सुपरवायझरपुढे धरली.

"वारा नव्हता साहेब. माझेच हात गेलेत. दोन वर्षं नशेवर चालवतोय. दुसऱ्या कुणाला बसवा."

सुपरवायझरने किल्ली घेतली. "परत बसवतील की नाही, मला सांगता यायचं नाही."

"माहीत आहे."

मेहुण्याने पुढे होऊन त्याचा दंड धरला.

"घे आता हात खाली," तो बायकोला म्हणाला. "लोक बघतायत."

"आधी तुम्ही खाली या."

त्याने एक पाय जमिनीवर ठेवला. ती तशीच उभी होती. मग त्याने दुसरा ठेवला.