दोन्ही कान

"वहिनी! ओ वहिनी!"

फोरमनने बेंबीच्या देठापासून हाक मारली, पण खिळे पाडणारं मशीन आणि वहिनी, दोघांनीही दाद दिली नाही. तेव्हा त्याने मागून येऊन तिच्या खांद्यावर थाप मारली. वहिनी अशी दचकली, की तिचा हात पात्यापासून थोडक्यात वाचला. तिने मशीन बंद केलं आणि त्याच्यामागून आवारात गेली. शेडमध्ये भांडायची सोयच नव्हती, समोरच्याचा शब्द कळेल तर ना.

तिचा नवरा पूर्वी याच रांगेत होता, म्हणून ती सगळ्यांची वहिनी.

"हे काय नवीन खूळ काढलंत?" फोरमन कडाडला. "दोन्ही कान झाकून बसता! मी काय घसा फोडत फिरू?"

आवाजापासून कान झाकायचे इअरमफ सगळ्यांनाच मिळाले होते आणि सगळे ते घालतही होते, पण आपल्या रीतीने. उजवी वाटी कानावर, डावी मागे सरकवलेली. फोरमनची फेरी डावीकडून असायची, त्याची हाक चुकायला नको. एकेक खिळा पारखून घेणारी ही शहाणी माणसं अर्धं डोकं झाकून निर्धास्त होती. परवापरवापर्यंत वहिनीही त्यांच्यातलीच. आता तिने दोन्ही वाट्या घट्ट बसवल्या, तर शेजारच्या मशीनवरच्या बायांनी तिला 'राणीसरकार' करून टाकलं. म्हणोत बापड्या.

"समोरून या आणि हात वर करा," ती म्हणाली. "मी लगेच मशीन थांबवते."

"मी काय चौकातला पोलीस आहे? जमत नसेल तर पॅकिंगला जा."

पॅकिंगला गेलेली बाई पुन्हा मशीनवर येत नसे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती हलली नाही.

"पाठवा. मशीनवर आहे तोवर वाटी सरकणार नाही."

"अहो, पण एवढं झालंय तरी काय?"

हे तिला कुणालाच सांगायचं नव्हतं. सांगायला लागली आणि आवाज आपोआप खाली गेला. "सासूबाई पडल्या..."

"काय म्हणालात?" फोरमनने मान वाकडी करून उजवा कान पुढे केला.

ही त्याची वाकडी मान सगळ्या शेडच्या ओळखीची होती. साहेबांची मिजास, असं सगळे म्हणत. वहिनीही म्हणायची. आज तिच्या लक्षात आलं, त्याचा डावा कान गेलाय. फोरमन होण्याआधी तोही याच मशीनवर होता, तीच वाटी मागे सरकवून. ती वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि पहिल्यापासून सांगू लागली.

"सासूबाई पलंगावरून पडल्या. आजारपणापासून त्यांचा आवाज एवढासा झालाय. त्यांनी मला हाका मारल्या, यांना मारल्या. मी स्वयंपाकघरात, हे बाहेर खुर्ची विणत बसलेले. यांचे तर दोन्ही कान गेलेत, माझा डावा जायला आलाय. कुणालाच ऐकू गेलं नाही, साहेब. मी आपली पाणी द्यायला गेले, तर त्या फरशीवर. रागावल्यासुद्धा नाहीत हो. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. घरात ऐकणारी एकटी मी उरलेय. मीही बहिरी झाले, तर त्यांनी कुणाला हाक मारायची?"

फोरमन शेडकडे वळला. मग "चला कामाला," म्हणून आत निघून गेला. गेलं मशीन, असं वहिनीला वाटलं. त्या दिवशी मात्र तिला कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोरमन तिच्या समोर येऊन उभा राहिला. त्याने हात खांद्यापर्यंत नेला, इकडेतिकडे पाहिलं, अर्धा खाली घेतला. मग काय मनात आलं कोण जाणे, सरळ डोक्यावर नेला. वहिनीने मशीन थांबवलं. सगळी रांग बघत होती.

"तार संपत आलीये," तो तिच्या कानाशी ओरडला.

"बदलते. आणि साहेब, तुम्हीही दोन्ही वाट्या लावा."

"आता काय उपयोग?"

"उजवा आहे ना अजून!"

तो पुढच्या मशीनकडे गेला आणि तिथेही समोर उभं राहून हात वर केला.

संध्याकाळी वहिनी भांडी विसळत होती. आतल्या खोलीतून काहीतरी आल्यासारखं वाटलं. तिने नळ बंद केला आणि श्वास रोखून उजवा कान तिकडे लावला. मग नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली, तिचे ओठ त्याला नीट दिसतील अशी.

"तुम्हाला बोलावतायत."

"मला? तुलाच बोलावलं असेल."

"नाही. बाळ्या म्हणाल्या."

त्याच्या हातातला वेत गळून पडला. "आलो गं आई!" म्हणत तो आत धावला, आणि ते इतक्या मोठ्याने, की शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं.